अप्पांचा वाटा

बार्शीहून आईने पाठवलेली चिंच काल आली. दर चैत्रात येते. युरियाचं धुतलेलं पोतं, तोंड सुतळीने शिवलेलं. ट्रॅव्हल्सवाला पहाटेच ते मुलुंडच्या नाक्यावर उतरवतो आणि महेश, माझा नवरा, स्कूटरवर पायांच्या मध्ये उभं करून नाहूरला घरी घेऊन येतो. पोतं फरशीवर टेकलं की आत वाळलेली चिंच सरकते. खुळखुळ असा कोरडा आवाज होतो आणि थांबतो. वर्षातून एकदाच येणारा हा आवाज मला इतका ओळखीचा आहे, की तो ऐकला की हातातलं काम सोडून मी हॉलच्या खिडकीखालच्या भिंतीकडे बघते. तिथे कुणी नसतं, हे माहीत असूनही बघते.

आई फोन करून विचारते, चिंच पोचली का. मग दरवर्षीसारखं सांगते, फोडून गोळे करून पाठवली असती, पण हल्ली बोटं वळत नाहीत. ते पूर्ण खरं नाही. तिला वाटतं, चिंच घरी बसून, चार माणसांत गप्पा मारत फोडावी. आणि चिंचोके आमच्याच घरात पडावेत.

ती स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांची चिंच फोडत आली. आमच्या लहानपणी उन्हाळा लागला की ती व्यापाऱ्याच्या गोदामात जायची. बायका रांगेत बसायच्या, हातात छोटी लोखंडी ठोकणी, समोर चिंचेचा ढीग. आंबट वासाने दात शिवशिवायचे. आम्ही पोरं कडेला. चिंचोकेसुद्धा व्यापाऱ्याचेच असत, पण ठोकणीने फुटलेले, किडलेले आम्हाला मिळत. आई त्यांनीच मला अक्षरं शिकवायची. तिला स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं. ती पोत्यांवरची अक्षरं बघून जमिनीवर चिंचोके मांडायची आणि मी त्यांवरून बोट फिरवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुढे मी बीएस्सी झाले, मुंबईत आले, लॅबमध्ये लागले. पण माझ्या शिक्षणाची सुरुवात सारवलेल्या जमिनीवर, दुसऱ्याच्या चिंचोक्यांनी झाली. मला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते. कुणाला हे हसण्यासारखं वाटलं तरी चालेल.

मग त्याच चिंचोक्यांची मला एका उन्हाळ्यात भीती का वाटू लागली, ते सांगायला हवं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत, सुताला खळ लावायच्या खात्यात होते. गिरणी बंद झाली, मग भांडुपला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले, मग तेही सुटलं. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. सई झाल्यावर मी नोकरी सोडायचं म्हणत होते, तेव्हा अप्पांनी मला समोर बसवून सांगितलं की शिकलीस ती घरात बसण्यासाठी नाही, पोरीला मी बघतो. आणि त्यांनी बघितलं. माझ्या आईने मला कॉलेजपर्यंत पोचवलं. त्यानंतर मी जिथे जिथे पोचले, त्यात अप्पांचा हात आहे.

तो हात मात्र तेव्हाच थरथरायला लागला होता. कंपवात. चहाचा कप बशीवर वाजायचा. सई त्या आवाजावर नाचायची.

पहिल्यांदा चिंचेचं पोतं त्यांच्यासमोर उघडलं, तेव्हा त्यांनी एक चिंचोका नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. गिरणीतली खळ याच्याच पिठाची शिजवायचे, म्हणाले. मला ते कधी ठाऊकच नव्हतं. बार्शीच्या गोदामातून पोती कुठे जातात, हे मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून चिंचोके टाकायचे नाहीत असं ठरलं. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ते धुऊन, वाळवून ठेवले जाऊ लागले.

सईच्या बालवाडीचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यावर रोज एक उपक्रम यायचा. डाळी आणि कडधान्यं वेगळी करा. चमच्याने एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत न्या. घरातल्या गोल वस्तू शोधा. कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याला लावा. मी हे सगळं प्रॅक्टिकलच्या परीक्षेसारखं करायचे. ट्रे आणले, वाट्या आणल्या, कामावर जाण्याआधी सगळं मांडून जायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर ट्रेमध्ये अप्पांचं पान-सुपारीचं सामान, आणि आजोबा-नात चिंचोके फुंकत बसलेले. मला आधी धास्ती होती की ही एखादा नाकात घालेल. अप्पांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की नाकात गेला तर तिथे झाड येतं आणि मग शिंकलं की चिंचा पडतात. तिने कधी घातला नाही.

खेळ साधा होता. चिंचोक्यांची रास करायची, तिच्यावर जोरात फुंकर मारायची. जे सुटे होतील ते एकेक करून उचलायचे. उचलताना दुसरा हलला की आउट. आमच्या बार्शीतही हाच खेळ. फुंकर मारायला सईचे गाल फुगायचे. आणि उचलताना तिचा श्वास थांबायचा. ग्रुपवर ज्याला एकाग्रता म्हणत, ती मी तिच्या त्या थांबलेल्या श्वासात पाहिली.

अप्पा मात्र दरवेळी आउट व्हायचे. बोट राशीजवळ गेलं की कापायचं आणि दोन-तीन चिंचोके हलायचेच. सई त्यांना चिडवायची की अप्पा, तुमचा हात डान्स करतो. ते म्हणायचे, "अगो चेडवा, माझो हात माझा आयकणा नाय." दोघं हसायचे. पण एका रविवारी मी बघितलं, सलग आउट झाल्यावर त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला आणि मग खेळायलाच नको म्हणाले.

सई त्या वेळी बिल्डिंगमधल्या मोठ्या मुलांत खाली खेळायला जायची. लपंडाव, पकडापकडी. तिथे ती सगळ्यांत लहान, म्हणून कच्चं लिंबू. तिच्यावर राज्य येत नसे, तिला कुणी आउट करू शकत नसे. आपण लहानपणी कच्चं लिंबू झालो की रडायचो, आपल्याला मोजतच नाहीत म्हणून. सईला उलट तो मोठा मान वाटायचा. तिने अप्पांकडे थोडा वेळ बघितलं आणि जाहीर केलं, "अप्पा आजपासून कच्चं लिंबू. कितीपण हलले तरी आउट नाही."

अप्पांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. "बरा झाला," ते म्हणाले. "आता माका कोण भायर काढतलो?"

महेश सोफ्यावर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही, पण पानही उलटलं नाही. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा गेटवरूनच परत आलेले अप्पा त्याने लहानपणी बघितले होते. मी ते फक्त ऐकलं होतं.

फाल्गुनात अप्पा गेले. दुपारी जेवले, खिडकीखालच्या भिंतीला टेकून बसले आणि तसेच गेले. घरात दोघंच होती. समोर रास मांडलेली. सई आपला चान्स घेऊन बसली होती आणि आता अप्पांचा होता. शेजारच्या सावंतकाकू विरजण मागायला आल्या, दार उघडंच होतं. सईने ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना हळूच सांगितलं, "श्शू. अप्पांचा चान्स आहे."

ती किती वेळ तशी थांबली होती, आम्हाला कधी कळलं नाही. काकूंनी हे मला सांगितलं आणि मी महेशला. त्यानंतर त्या घरात राहणं सोपं नव्हतं. महेशने सगळे विधी नीट केले, गावाला जाऊन आला, पण एकदाही रडला नाही. हॉलमध्ये तो भिंतीकडे पाठ करून बसू लागला.

आणि दोन-तीन आठवड्यांत चिंचेचं पोतं आलं.

तो उन्हाळा मला पंख्याच्या आवाजासकट आठवतो. मुलुंडच्या डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, खिडकीच्या गजांवर कबुतरं, फरशी दुपारी चारपर्यंत कोमट. बालवाडीला सुट्टी लागलेली. काकू दुपारी सईला बघत आणि मी लवकर घरी येत असे. ग्रुपवर सुट्टीचे उपक्रम चालूच होते. एक दिवस आलं की घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक वाटी मांडा, वाट्यांत समान वस्तू वाटा आणि फोटो पाठवा. सईने डबा काढला. वाट्या मांडल्या. एक तिची, एक आईची, एक बाबांची. आणि एक भिंतीपाशी. प्रत्येकीत चिंचोके टाकत गेली, एक इकडे, एक तिकडे, भिंतीपाशी एक. कुठेही चुकली नाही.

मी फोटो काढला. तो पाठवण्याआधी महेशने बघितला आणि म्हणाला, पाठवू नकोस.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण सई आता प्रत्येक गोष्टीत चौथा वाटा काढू लागली. कणकेचे प्राणी केले की एक हत्ती भिंतीपाशी. शेंगदाणे सोलले की चार दाणे तिकडे. चित्र काढलं की कागदाची एक बाजू कोरी, ती अप्पांची. आम्हाला खेळात बसवलं की सगळ्यांचे चान्स झाल्यावर ती थांबायची. रास मध्ये, आम्ही भोवती, आणि ती शांतपणे भिंतीकडे बघत बसलेली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एखाद्याला यायला जरा उशीर होतोय, इतकंच. आम्हीही नकळत तिकडे बघायचो. खिडकीतल्या वाऱ्याने कॅलेंडर फडफडलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

महेशला ते थांबणं सहन होत नव्हतं. आपली पोरगी त्या दुपारी अशीच बसली होती, हे प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं. त्याने बालवाडीच्या ताईंना फोन केला. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, तिला हळूहळू समजवा, जमलं तर ती वस्तू काही दिवस नजरेआड ठेवा. महेशने डबा माळ्यावर टाकला.

सईने डबा मागितला नाही. ती बाटल्यांची झाकणं घेऊन खेळली. चार वाटे.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात खरा प्रश्न एवढा एकच होता. अप्पांचा वाटा मांडायचा, की तो बंद करायचा. महेशला वाटायचं, बंद केला नाही तर पोरगी त्या दुपारीच अडकून राहील. मला वाटायचं, ताईंचं बरोबर असेल, त्या शिकलेल्या आहेत. शिकलेल्या माणसाचं ऐकावं, हे माझ्या हाडात आहे. पण भाद्रपदात महेश स्वतःच गच्चीच्या कठड्यावर पितरांसाठी पान ठेवतो. नाहूरला कावळा मिळत नाही, कबुतरंच ते खातात, तरी तो हात जोडून उभा राहतो. पोरीची वाटी त्या पानापेक्षा वेगळी कशी, हे मला ठरवता येत नव्हतं. मी त्याला विचारलंही. तो दोरीवरचे कपडे काढायला उठला.

मग वैशाखातला एक रविवार. मी स्वयंपाकघराच्या दारात चिंच फोडत बसले होते. महेशने सईला मांडीवर घेतलं आणि पाठ केल्यासारखं सांगायला सुरुवात केली. अप्पा आता देवाघरी गेले, ते परत येणार नाहीत.

"मला माहितीय," सई म्हणाली. "ते मेले."

महेशने तिचे केस मागे सारले. मग म्हणाला, "मग त्यांचा वाटा कशाला काढतेस? ते आता खेळात नाहीत ना, बाळा."

सईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं नियम न कळणाऱ्या लहान मुलाकडे बघतात.

"बाबा, ते कच्चं लिंबू आहेत. कच्चं लिंबू आउट होत नसतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना माहितीय."

माझ्या हातातली ठोकणी थांबली.  महेशने सईला खाली ठेवलं, स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि डबा काढला. डब्यावरची धूळ शर्टाला पुसली. मग तो फरशीवर मांडी घालून बसला, कितीतरी दिवसांनी भिंतीकडे तोंड करून.

सईने वाटे केले. उरलेल्यांची रास केली. मी हात पुसून जाऊन बसले. सईची फुंकर, माझी फुंकर, महेशची. महेश पहिल्याच चिंचोक्याला आउट झाला, कारण त्याचा हात कापत होता. सई म्हणाली, बाबा आउट. त्याला तिने सूट दिली नाही.

मग अप्पांचा चान्स आला आणि आम्ही थांबलो.

मला आठवतं, पंखा बंद होता. खेळताना अप्पा तो नेहमी बंद ठेवायचे, फुंकरीचा अंदाज चुकतो म्हणून. घामाची एक धार महेशच्या कानामागून उतरत होती. खाली कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. कुणी हललं नाही. आणि राशीच्या वरचा एक चिंचोका सुटला, घरंगळत खाली आला आणि फरशीवर टिक असा वाजला.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. गुळगुळीत चिंचोके एकमेकांवर रचले की कधीतरी सरकतात. एवढंच असेल. पण तो टिक आम्ही तिघांनी ऐकला.

"झालं," सई म्हणाली. तो एक चिंचोका उचलून तिने अगदी काळजीपूर्वक भिंतीपाशी ठेवला.

महेश उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता. सई मला म्हणाली, बाबांना सांग, पाणी वाया जातंय. मी सांगितलं नाही.

त्यानंतर डबा माळ्यावर गेला नाही. ताईंना महेशने पुन्हा फोन केला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. जूनमध्ये सई मोठ्या शिशूत गेली, तिला मैत्रिणी मिळाल्या, चौथा वाटा आपोआप कधीकधीचा झाला. दिवाळीआधी आम्ही घराला रंग दिला. खिडकीखालच्या भिंतीवर, अप्पांचं डोकं टेकायचं तिथे, खोबरेल तेलाचा गोल डाग होता. रंगाऱ्याने घासला, प्रायमर मारला, दोन हात दिले. दिवाळीपर्यंत भिंत कोरी राहिली आणि मग थंडीत डाग हळूहळू वर आला. रंगाऱ्याने सांगितलं, तेल आत मुरलंय, वहिनी, ते परत परत येणारच. महेश म्हणाला, राहू दे.

चिंचोकेही असेच कुठून कुठून निघतात. सोफ्याच्या फटीतून, वॉशिंग मशीनच्या जाळीतून, एकदा महेशच्या ऑफिसच्या बुटातून. तो बूट उलटा करून चिंचोका बाहेर काढतो, खिशात टाकतो आणि कामाला जातो. 

सई आता पाचवीत जाईल. मागच्या महिन्यात तिला सहज विचारलं, अप्पा आठवतात का गं? तिने खरंखरं सांगितलं की फोटोतले आठवतात, खरे नाही. मी हो म्हणाले आणि भांडी घासत राहिले. साडेचार वर्षांच्या पोरीने काय काय लक्षात ठेवायचं? पण ज्या एका माणसाने त्यांना खेळात धरून ठेवलं होतं, तिच्याच मनातून त्यांचा चेहरा गेला, या विचाराने मला गेले काही दिवस फार एकटं वाटत होतं. चिंच येईल आणि या वर्षी ती नुसती चिंच असेल, असं वाटत होतं.

आज रविवार. पोतं उघडलं. महेश आणि मी चिंच फोडायला बसलो. सावंतकाकूंची नात ओवी आली होती. ती तीन वर्षांची, चिंचेच्या वासानेच तोंड वाकडं करणारी. तिला रमवायला सईने कंटाळत कंटाळत डबा काढला, मोबाइल बाजूला ठेवला आणि रास केली. ओवी धावत जाऊन खिडकीखाली, भिंतीला टेकून बसली.

"तिथे नको," सई म्हणाली. "इकडे ये, माझ्याजवळ."

का, ते ओवीने विचारलं नाही. सईनेही सांगितलं नाही. कदाचित तिलाही ठाऊक नसेल. ती वाटे करू लागली. एक ओवीला, एक स्वतःला, एक मला, एक बाबांना. मग हात लांब करून एक मूठ भिंतीपाशी ठेवली. महेशच्या हातातली चिंच तशीच राहिली.

ओवीने विचारलं, "हे कोणाचं?"

"कच्च्या लिंबाचं."

"कुठंय तो?"

सईने खांदे उडवले. "माहीत नाही. पण त्याचा चान्स आला की थांबायचं."

महेशने हात झटकले आणि सरकत सरकत येऊन बसला. मी उठून पंखा बंद केला. ओवीने गाल फुगवून फुंकर मारली, थुंकीच जास्त उडाली, आणि आपण आउट झालो हे मानायला ती तयार होईना. मग सईची झाली, माझी झाली, महेशची झाली. मग कच्च्या लिंबाचा चान्स आला. भिंतीवरचा तो गोल डाग दुपारच्या उजेडात ओलसर दिसत होता. मी ओवीकडे बघितलं. तिला हे कुणीच शिकवलं नव्हतं, पण ती राशीकडे डोळे लावून, ओठांवर बोट ठेवून बसली होती.